पावसाचं पाणी जिरवायचंय? सोसायटीने आधी मंजूर नकाशा शोधावा

ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवामान बदलू लागलं तसा तो थोड्या दिवसांत धो धो कोसळू लागलाय. जुलैत पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, मे महिन्यात त्याच जागी टँकर. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी, वर्षाला ६ लाख लिटर पाणी पडतं.

राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२०) ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम करताना पर्जन्यजल संधारण, म्हणजे पावसाचं पाणी साठवणं किंवा जमिनीत जिरवणं, सक्तीचं आहे. यंत्रणा नसेल किंवा बंद पडली असेल, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लागू शकतो. म्हणजे अलीकडच्या इमारतीत पाणी जिरवायचा खड्डा कागदावर बहुधा असतोच. जमिनीवर तो पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला सापडतो, आणि वर कुणाची तरी गाडी उभी. तो खड्डा दाखवणारा मंजूर नकाशा बिल्डर देत नसेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

पर्जन्यजल यंत्रणेच्या कामाचा महापालिकेकडचा अर्ज मात्र सोसायटीच्या नावाने करायचा, एकट्या फ्लॅटधारकाने नव्हे. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. विशेष सभेची नोटीस पूर्ण ५ दिवस आधी द्या, नाहीतर कुणीतरी हरकत घेणारच. फाइलमध्ये सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि वास्तुविशारदाचा आराखडा ठेवा. गच्चीचे पाइप, फिल्टर आणि खड्डा कुठे, हे आराखड्यात दिसायला हवं. पुनर्विकास असेल तर हे सगळं बांधकाम परवानगीच्या अर्जातच येतं.

आराखड्यावर सही करण्याआधी जमीन बघा. खाडीलगत भूजल वरच असतं आणि खारं लागतं, तिथे जिरवण्यापेक्षा साठवणटाकी बरी. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी कातळ लागतो, तिथे बोअरवेलभोवती १ मीटर रुंद, किमान ३ मीटर खोल खड्डा घेऊन त्यात खडी-वाळू भरतात. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह आणि पाइपांच्या तोंडाला डासांची जाळी नियमातच आहे. ठेकेदार नेमकं हेच गाळतात, म्हणून शेवटचं बिल या दोन गोष्टी डोळ्यांनी बघूनच द्या.