मातीत गाडलेला सांधा

विद्युत उपकेंद्राच्या आवारात पसरलेल्या खडीखाली एक मोठी जाळी पुरलेली असते. तांब्याच्या केबली नाहीतर लोखंडी पट्ट्या, आडव्या-उभ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. तिला अर्थमॅट म्हणतात. जिथे दोन वाहक एकमेकांना छेदतात, तिथे एक सांधा. असे शेकडो सांधे केले जातात आणि मग खड्डा बुजवला जातो. त्यानंतर तीस-चाळीस वर्षे त्या सांध्याचे तोंड कुणी पाहत नाही. एखाद्या पावसाळी रात्री शॉर्टसर्किटसारखा दोष उद्भवतो, हजारो अँपिअर प्रवाह जमिनीकडे धाव घेतो, आणि त्या एका सेकंदात प्रत्येक सांध्याला आपले काम चोख करावे लागते.

हा प्रवाह किती मोठा असतो, ते आकड्यांतच पाहू. मोठ्या उपकेंद्राची अर्थिंग 40 किलोअँपिअर प्रवाह एक सेकंद सोसेल अशी आखलेली असणे नेहमीचे आहे. अर्थिंगचे आपले भारतीय मानक आयएस 3043 उघड्या तांब्यासाठी एका सेकंदाला चौरस मिलिमीटरमागे 205 अँपिअर धरते. म्हणजे जवळजवळ 195 चौरस मिलिमीटरचा वाहक हवा. त्या एका सेकंदात तांबे 40 अंशांवरून 395 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, हे त्या हिशेबात गृहीतच असते. केबल हे सोसते. सांध्याचे काय? कथील-शिशाचे नेहमीचे डाग 183 अंशांनाच वितळू लागते, म्हणून डाग देऊन केलेला सांधा इथे बाद.

नटबोल्टचा सांधा वरून भक्कम दिसतो, पण दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखेच असतात. एकावर एक ठेवले, की फक्त शिखरे शिखरांना टेकतात. सगळा प्रवाह त्या मोजक्या टेकणाऱ्या जागांतून जातो. वर्षे जातात, फटींत ओल शिरते, ऑक्साइड चढते, बोल्टचा ताण सैलावतो आणि रोध वाढतो. समजा तो वाढून 100 मायक्रोओहम झाला. ओहमचा हा दहा हजारावा भाग नगण्य वाटतो. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि 40 किलोअँपिअरला त्या सांध्यात 160 किलोवॉट उष्णता निर्माण होते. दीड किलोवॉटच्या शंभर शेगड्या मुठीएवढ्या जागेत पेटवल्यासारखे. सांधा सुटला, तर यंत्राचा सांगाडा आणि पायाखालची जमीन यांच्यात मोठे व्होल्टेज उभे राहते. त्या क्षणी सांगाड्याला हात लावून उभा असलेला माणूस त्या दोहोंमधला पूल बनतो. म्हणून हा विषय मला निव्वळ तांत्रिक कधीच वाटला नाही.

आपल्याकडे जमिनीचाही जाच आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि दरवर्षी पुरलेल्या वाहकांना ओढते-ढकलते. कोकणात खारी हवा आणि ओल. त्यात अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालायची जुनी रीत: मिठाने मातीचा रोध उतरतो खरा, पण तेच मीठ लोखंड खात राहते.

या सगळ्यावरचा उपाय म्हणजे दोन वाहक एकमेकांना नुसते टेकवायचे नाहीत, वितळवून एकजीव करायचे. त्यामागचे रसायन जुने आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी 1895 मध्ये ॲल्युमिनियमच्या भुकटीने धातूच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. 1899 मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात ट्रामचे रूळ या पद्धतीने जोडले गेले. आपली रेल्वे आजही रूळ जोडायला हीच एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंगची पद्धत वापरते. त्यात लोखंडाचे ऑक्साइड असते. तांब्यासाठीचा अवतार नंतर आला. 1938 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये चार्ल्स कॅडवेल यांनी रेल्वेच्या रुळाला सिग्नलची तार जोडण्यासाठी तो विकसित केला. आपल्या साइटवरची माणसे आजही या वेल्डला सरसकट ‘कॅडवेल्ड’ म्हणतात, पावडर कुठल्याही कंपनीची असो.

पावडरमध्ये मुख्यतः तांब्याचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमचे कण असतात. ॲल्युमिनियमची ऑक्सिजनची ओढ तांब्यापेक्षा कितीतरी जास्त. एकदा ठिणगी मिळाली, की ते ऑक्सिजन खेचून घेते, तांबे मोकळे होते आणि प्रचंड उष्णता बाहेर पडते. शुद्ध मिश्रणाचा हिशेब केला तर 100 ग्रॅममागे सुमारे 240 किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत लिटरभर पाणी 25 अंशांवरून ऐंशीच्या पुढे जाईल. इथे ती काही सेकंदांत, पेलाभर जागेत सुटते. तांबे 1085 अंशांना वितळते, त्यामुळे मोकळे झालेले तांबे पाण्यासारखे पातळ होते. बाहेरून वीज नको, गॅसची टाकी नको. माळरानावर खड्ड्यात उतरून हे काम करता येते, यातच त्याची थोरवी आहे.

ग्राफाइटच्या साच्यात, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातल्याच पदार्थाच्या ठोकळ्यात, वर पावडरची वाटी असते आणि खाली वाहक अडकवायची पोकळी. दोहोंमध्ये एक भोक, आणि त्यावर पोलादाची पातळ चकती. ही चकती मला या साऱ्या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पावडर पेटली की चकती लगेच वितळत नाही, काही क्षण तग धरते. तेवढ्यात जड तांबे तळाशी बसते आणि हलके ॲल्युमिनियम ऑक्साइड मळीसारखे वर तरंगते. मग चकती वितळते आणि खाली स्वच्छ तांबे उतरते. चकती ठेवायची विसरली किंवा तिरकी बसली, तर पावडर आधीच खाली सांडते, नाहीतर तांब्याबरोबर मळीही सांध्यात शिरते. खाली आलेले तांबे केबलचे तारधागे वितळवून त्यांच्यात मिसळते. ओतलेले तांबे केबलच्या शुद्ध तांब्याइतके चांगले वाहक नसते, पण सांध्याचा छेद केबलपेक्षा बराच मोठा असल्याने रोध वाढत नाही.

ठिणगी पडते, भपकन ज्वाळ आणि पांढरा धूर उठतो. पाहणाऱ्याला वाटते, वेल्ड झाला. प्रत्यक्षात तो चांगला होणार की वाईट, हे आधीच्या पाच-दहा मिनिटांत ठरून गेलेले असते.

सर्वांत मोठा शत्रू ओल. ग्राफाइट हवेतली आर्द्रता शोषून घेते. वितळलेल्या तांब्याशी गाठ पडली, की पाण्याची वाफ होऊन ते सोळाशे-सतराशे पट फुगते. नशीब बरे असेल तर बुडबुडे अडकून सांधा ढोकळ्यासारखा जाळीदार होतो; नसेल तर वितळलेले तांबे वर उडून तोंडावर येते. शिवाय वितळलेले तांबे पाण्यातून सुटलेला हायड्रोजन पिऊन घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते, त्याचीही भोके पडतात. म्हणून दिवसाच्या पहिल्या वेल्डआधी साचा ब्लोटॉर्चने सुमारे 120 अंशांपर्यंत तापवायचाच. हाताला गरम लागला म्हणजे झाले, असे नाही. पावसात भिजलेल्या केबलच्या धाग्यांमध्ये पाणी धरून राहते, तीही तापवून कोरडी करायला हवी. आणि साच्याच्या कडेला फट दिसली, की जवळची ओली माती लिंपायचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो. फट बुजवायला वेगळी लुकणी मिळते.

दुसरी गोष्ट स्वच्छता. केबल आणि जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा रॉड वायर ब्रशने लखलखीत होईपर्यंत घासायचे. तेल, सिमेंट, हिरवा गंज काहीही उरता कामा नये. तांब्याचा मुलामा असलेल्या पोलादी रॉडचा वरचा भाग घणाचे घाव खाऊन छत्रीसारखा पसरतो, साच्यात बसत नाही. तेवढा तुकडा कापून टाकावा. ग्राइंडरने घासत बसू नये, कारण मुलामा पाव मिलिमीटरचाच असतो. जीआय पट्टीवरचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पट्टीवरचे, जस्त मात्र काढावेच लागते. जस्त 907 अंशांनाच उकळते, त्याची वाफ सांध्यात भोके पाडते आणि छातीत गेली तर माणूस तापाने फणफणतो.

केबल ताणलेली असेल तर धातू पातळ असतानाच ती मागे सरकते. पावडरच्या डब्याचा आकार साच्यावर लिहिलेला असतो, तोच घ्यायचा. दोन छोटे डबे मिळून एक मोठा करण्याची हुशारी नको. एक साचा साधारण पन्नास वेल्ड देतो, पण लोखंडी सळीने मळी खरवडली तर भोक मोठे होते आणि साचा लवकर मरतो. मऊ ब्रश पुरतो.

साचा उघडल्यावर मळी झटकून पाहावे. रंग सोनेरी ते कांस्यासारखा हवा, वाहक कुठे उघडा दिसता कामा नये. बारीक भोक दिसले तर त्यात कागदाची पिन घालायची, आणि ती वाहकाच्या मध्यापर्यंत शिरली तर सांधा कापून नवा करायचा. हातोडीचा एक सणसणीत ठोका द्यावा. सोय असेल तर मायक्रोओहममीटरने रोध मोजून शेजारच्या तेवढ्याच लांबीच्या केबलशी ताडून पाहावा.

नव्या साइटवर मी एक आग्रह धरतो. पहिला वेल्ड जाळीचा नसावा, तुकड्यांवरचा नमुना असावा, आणि तो सगळ्या टोळीसमोर हॅकसॉने मधोमध कापावा. कापलेल्या तोंडावर एकसंध तांबे दिसले, तर केबलचे धागे कुठे संपले आणि ओतीव धातू कुठे सुरू झाला, हे कडेला ओळखू येत नाही. भोकांची जाळी पडलेली दिसली, तर साचा न तापवणाराच आधी मान खाली घालतो आणि ब्लोटॉर्च उचलायला जातो.