कॅल्शियमच्या दाराला पाचर

तूर, मका, ऊस घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘कोराजन’ हे नाव सांगावं लागत नाही. त्यातलं रसायन क्लोरँट्रानिलिप्रोल. ते पोटात गेलं की अळीचं खाणं लगेच थांबतं. अंग आखडतं, मग ती लुळी पडते आणि काही दिवसांत मरते. जुनी बहुतेक कीटकनाशकं मज्जासंस्थेवर चालून जायची. हे मात्र थेट अळीच्या स्नायूंतली एक वाहिनी, म्हणजे कॅल्शियमला वाट देणारं प्रथिनाचं दार, पकडतं आणि ती उघडीच ठेवतं. त्याच कुळातली, थोड्या वेगळ्या घडणीची वाहिनी आपल्या दंडात आणि पोटरीतही आहे. फरक एवढाच की या रसायनाची आपल्या वाहिनीवरची पकड फारच ढिली असते.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. स्नायूत त्याचं काम निरोप्याचं आहे. स्नायू सैल असताना पेशीच्या द्रवात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. पेशीबाहेर असतं त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्सा. साठा असतो तो पेशीच्या आतच, तंतूंभोवती गुंडाळलेल्या पातळ पिशव्यांच्या जाळ्यात. मेंदूचा हुकूम नसेतून आला की पेशीच्या आवरणावरून विजेची लाट धावते, पिशव्यांच्या वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम भसकन बाहेर येतं. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटलं की तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. मग पंप ते कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत भरतात. या पंपांना इंधन लागतं, हे लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा, की आवरणावरची वीज आतल्या पिशवीला कळते कशी? हृदयाच्या स्नायूत बाहेरून थोडं कॅल्शियम आत शिरतं आणि तेच वाहिनी उघडतं. म्हणून भोवतीच्या द्रवातलं कॅल्शियम काढलं की हृदय थांबतं. बेडकाच्या पायाचा स्नायू मात्र तशा द्रवातही झटके देत राहतो. म्हणजे इथे युक्ती निराळी असणार. क्लारा फ्रांझिनी-आर्मस्ट्राँग यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आवरण आणि पिशवी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत ओळीने उभे असलेले ठिपके दाखवले आणि त्यांना ‘पाय’ म्हटलं. आवरणात विजेचा दाब ओळखणारं एक प्रथिन असतं. ते हललं की त्याला टेकलेला ‘पाय’ उघडतो. सरळ धक्क्याचं काम! पण हे ‘पाय’ म्हणजेच कॅल्शियमची वाहिनी, हे सिद्ध व्हायला आणखी सतरा वर्षं लागली.

ते सिद्ध झालं एका विषामुळे. त्रिनिदादमध्ये मिळणाऱ्या रायानिया नावाच्या झुडपाच्या लाकडाची भुकटी पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरत. त्यातलं विषारी द्रव्य, रायनोडिन, १९४८ मध्ये वेगळं काढलं गेलं. १९८० च्या दशकात ते प्रयोगशाळांच्या फार उपयोगी पडलं, कारण हे द्रव्य त्या एका वाहिनीला घट्ट चिकटतं. सशाच्या स्नायूचा लगदा करायचा, तो यंत्रात गरगर फिरवून पिशव्यांचे तुकडे वेगळे काढायचे आणि मग किरणोत्सारी रायनोडिन ज्या प्रथिनाला बिलगेल ते उचलायचं. असं शुद्ध केलेलं प्रथिन १९८७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर आकार थेट त्या ‘पायां’चाच निघाला. तेव्हापासून वाहिनीचं नावच रायनोडिन रिसेप्टर पडलं. ज्याने पकडलं त्याचंच नाव मिरवणारं प्रथिन!

याच काळात वाहिनी एकेकटीही पाहता येऊ लागली. प्लास्टिकच्या छोट्या पेल्याला केसाएवढं भोक पाडतात, त्यावर मेदाचा दोन रेणू जाडीचा पडदा ताणतात आणि दोन्ही बाजूंना क्षारांचं पाणी ठेवतात. पिशवीचा एखादा तुकडा पडद्यात मिसळला की सपाट चाललेली विजेची रेघ एकदम पायरी चढते, क्षणात उतरते, पुन्हा चढते. ही एका रेणूची उघडझाप. रायनोडिनचा थेंब टाकला की रेघ निम्म्या उंचीवर जाते आणि तिथेच अडकते. अर्धवट उघड्या दाराला पाचर मारावी तशी. मात्रा खूप वाढवली तर दार बंदच होतं.

हा रेणू अवाढव्य आहे. चार सारखे भाग, प्रत्येकात पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लं. हिमोग्लोबिनच्या अख्ख्या रेणूत मिळून ५७४ असतात. इतक्या मोठ्या यंत्राची बारीक रचना दिसायला २०१५ उजाडलं. तेव्हा मात्र तीन गटांनी ती एकाच वेळी, गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातून, मांडली.

माणसाच्या बाबतीत ही वाहिनी बिघडली तर? १९६० मध्ये मेलबर्नच्या डॉक्टर डेनबरो आणि लव्हेल यांनी एका तरुणाची हकीकत छापली. पाय मोडलेला हा तरुण पायापेक्षा भुलीलाच जास्त घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीत दगावले होते. हॅलोथेन हा भुलीचा वायू दिल्यावर त्याचंही बिनसलं, पण तो वाचला. आज या विकाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. रिसेप्टरच्या जनुकात दोष असेल तर भुलीच्या वायूने वाहिनी उघडते ती मिटतच नाही. स्नायू ताठतात, पंप अखंड इंधन जाळत राहतात आणि अंग भट्टीसारखं तापतं.

डुकरांतही हेच दिसलं. कमी चरबीच्या, भरदार मांसाच्या डुकरांची निवड करताना पैदासकारांनी नकळत हा दोषही पसरवला. कत्तलखान्याच्या गाडीत चढवतानाच्या ताणानेही ती मरत. टोरांटोच्या मॅक्लेनन यांच्या गटाने १९९१ मध्ये कारण शोधलं: ६१५ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, बस्स.

उपाय त्याआधीच सापडला होता. दक्षिण आफ्रिकेत हॅरिसन यांनी १९७५ मध्ये अशाच डुकरांना डँट्रोलिन देऊन वाचवलं. वाहिनीतून गळणारं कॅल्शियम हे औषध रोखतं. रोग्याची खात्री करायची तर मांडीच्या स्नायूचा ताजा तुकडा काढून त्याला हॅलोथेन आणि कॅफीन देतात. दोषी स्नायू थोड्याच मात्रेत आखडतो. (कॉफीवाल्यांनी घाबरू नये, परीक्षेतलं कॅफीन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट असतं.) आता जनुक तपासूनही बरेचदा निदान होतं. तरी शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ ‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?’ असं विचारतात, तेव्हा ‘नाही’ म्हणून मोकळं होण्याआधी आई, काका, मावशी यांना एक फोन करावा.