अ‍ॅन हॅथवे यांचे घर, शॉटरी

इंग्लंडच्या वॉरिकशरमध्ये, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनपासून सुमारे दीड किलोमीटरवर असलेल्या शॉटरी येथील लाकडी सांगाड्याचे, शाकारलेले जुने घर. विल्यम शेक्सपिअरची पत्नी अ‍ॅन हॅथवे १५८२ मध्ये लग्न होईपर्यंत याच घरची. ‘अ‍ॅन हॅथवेज कॉटेज’ हे नाव मागाहून पडले आणि त्यातला ‘कॉटेज’, म्हणजे लहानसे साधे घर, हा शब्द फसवा आहे. हे ह्यूलँड्स फार्म नावाचे, बारा खोल्यांचे खात्यापित्या शेतकऱ्याचे घर होते.

घराचा बुटका भाग सर्वांत जुना, पंधराव्या शतकातला. त्याचा जीव आहे ‘क्रक’ या बांधणीत. नैसर्गिक बाक असलेले ओकचे खोड उभे चिरायचे, त्याच्या दोन जुळ्या फाका समोरासमोर उभ्या करून माथे आढ्यापाशी मिळवायचे. छपराचा मुख्य भार असा थेट जोत्यावर उतरतो, भिंतींवर तो फारसा येत नाही. वरच्या मजल्यावर हे वाकडे खांब खोलीत झुकलेले दिसतात. ओक ओला असतानाच तासत, कारण सुकल्यावर तो लोखंडासारखा कठीण होतो. सांधे खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांनी जखडत. लाकूड सुकताना आकसते, पिळवटते आणि सांधा आणखी घट्ट आवळला जातो. जुन्या इंग्रजी घरांच्या तुळया वाकड्या दिसतात त्या बऱ्याचदा यामुळे. तो वाकडेपणा मोडकळीची खूण मानणे चूक आहे.

चौकटींमधली जागा भरण्याची जुनी रीत आपल्याकडच्या कुडासारखीच. ओकच्या उभ्या काठ्यांत हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व चिरलेल्या पेंढ्याचा गिलावा थापायचा. वर चुन्याचा हात. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. पुढे अशा जुन्या घरांना सिमेंटचा गिलावा झाला, तेव्हा ओल आत कोंडून लाकूड कुजू लागले. दुरुस्तीतली ही चूक फार महागात पडते.

काडाच्या छपराला जेमतेम उतार देऊन चालत नाही, किमान ४५ अंश हवेत. पाणी रेंगाळले की काड कुजते. पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढलेली असते. काडाच्या पेंढ्या हेझलच्या दुमडलेल्या काटक्यांनी टाचतात. आढ्यावरचा थर लवकर झिजतो, तो पाख्यांच्या आधीच बदलावा लागतो.

मध्ययुगीन इंग्रजी घरात चूल दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीवर पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. येथे विटांची धुराडी पुढे आली आणि घराचा उंच भाग सतराव्या शतकात जोडला गेला. हॅथवे घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदल्यावर १८९२ मध्ये शेक्सपिअरशी निगडित वास्तू जपणाऱ्या शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने घर विकत घेतले. १९६९ मध्ये लागलेल्या आगीत त्याचे बरेच नुकसान झाले. नंतर ते पुन्हा शाकारून पूर्ववत करण्यात आले.