पर्वतीच्या पायऱ्यांचा इतिहास

पर्वती चढल्याशिवाय कित्येक पुणेकरांचा दिवस सुरू होत नाही. रुंद दगडी पायऱ्या एकशे तीन. कोणी व्यायाम म्हणून दोन-तीन फेऱ्या मारतात, कोणी दर्शन घेऊन कठड्याशी उभे राहतात. खाली सारसबाग आणि पेठा, नैर्ऋत्येला सिंहगड. या टेकडीची गोष्ट बहुतेक वेळा पेशवाईपाशीच संपवली जाते, ते मला खटकते.

टेकडीवर देवीचे ठाणे जुनेच. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाईंची पायाची व्याधी इथल्या नवसाने बरी झाली, अशी आख्यायिका आहे. नानासाहेबांनी १७४९मध्ये देवदेवेश्वराचे मंदिर बांधले. पुढे कार्तिकेय, विष्णूची देवळे झाली, पायथ्याला तळे झाले आणि जवळच्या रमण्यात श्रावणातली दक्षिणा वाटली जाऊ लागली.

१४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव गेले. खचलेल्या नानासाहेबांनी त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवरच प्राण सोडला. ५ नोव्हेंबर १८१७ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी इथूनच पाहिली, असे सांगतात. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

हे सगळे पुण्यात पोराटोरांनाही ठाऊक असते. १९२९ सालाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले करावे, ही मागणी पंचांनी धुडकावली. तेव्हा १३ ऑक्टोबरला शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला. एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण तरुणही सोबत होते. देवळाचे दार बंद होते आणि विरोधकांनी सत्याग्रहींवर दगडफेक केली. दर्शन मागायला आलेली माणसे याच पायऱ्यांवरून रक्तबंबाळ होऊन उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या लढ्याला पाठिंबा होता. माझ्या मते पर्वतीच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान हेच. पानिपताचे दुःख एका घराण्याचे आणि राज्याचे होते, इथे मात्र आपल्याच शहरातल्या माणसांना देवापासून अडवले होते.

सत्याग्रह जानेवारी १९३०पर्यंत चालला, पण दार उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली.