कुंडीच्या मातीवर हिरवं आलं, तर?

कोल्हापुरात जुलै लागला की आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप दिसत नाही. उन्हाळ्यात नर्सरीतून आणलेली तयार मातीची पिशवी निम्मी वापरून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलेली असते. ऑगस्टमध्ये ती उघडावी तर प्लास्टिकला आतून हिरवा पापुद्रा चिकटलेला, वर पांढरी बुरशी, आणि तोंड सोडताच बारीक काळी चिलटं उडतात. माती नासली असं समजून बरेच जण अख्खी पिशवी कचरागाडीत टाकतात. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या पिशवीत काळजी करण्यासारखं काही असलंच, तर ते बहुधा त्या हिरव्या थरात नसतं.

पिशवी उभी कापून पाहा. शैवालाला प्रकाश लागतो आणि मातीत प्रकाश जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. त्यामुळे अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या लगत, हवेसाठी पाडलेल्या भोकांभोवती आणि तोंडाशी हिरवं दिसतं. बोटभर आत माती तपकिरीच असते. ओल, उजेड आणि नायट्रोजन-फॉस्फरसचं खाणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की शैवाल वाढतं. सांडपाण्यातून हेच खाणं मिळालं की रंकाळा तलावाचं पाणी हिरवं होतं. पिशवीत ते गांडूळ खतातून मिळतं. बीज वेगळं आणावं लागत नाही. शैवालाच्या सुप्त पेशी हवेत, पाण्यात, धुळीत सगळीकडे असतात, आणि नॉस्टॉकसारख्या जाती तर कोरड्या अवस्थेत कित्येक वर्षं तग धरून पहिल्या पावसात पुन्हा फुगतात.

या थरातले बरेचसे जीव नील-हरित शैवाल, म्हणजे खरं तर जिवाणू असतात. त्यांतले काही हवेतला नायट्रोजन पकडून मातीत आणतात. भातखाचरात हे काम ते मोठ्या प्रमाणावर करतात, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवून दिलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या आर. एन. सिंह यांनी उत्तरेतल्या खारवट उसर जमिनी सुधारण्यासाठी याच शैवालाचा वापर केला. आजरा-चंदगडच्या खाचरांत जे शैवाल पिकाला मदत करतं, त्याच्या भाऊबंदांना कुंडीत पाहून घाबरण्याचं कारण नाही.

तरी त्याला मोकळं रान देऊ नये. थर जाड झाला आणि वाळला की त्याची पापडी बनते. मग पाणी आत मुरण्याऐवजी कडेने वाहून जातं आणि बारीक बियांचे कोंब वर येताना अडतात. शिवाय चिलटांना तिथे आयतं खाणं मिळतं. त्यांच्या अळ्या बुरशी, शैवाल आणि कोवळी मुळं खातात. मोठ्या झाडाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण नुकत्याच उगवलेल्या रोपाला ते महागात पडतं. उपाय साधा आहे. खुरप्याने वरचा थर मोडून मातीत मिसळा, वरची इंचभर माती वाळल्याशिवाय पाणी देऊ नका, आणि उरलेली पिशवी उजेड जाणार नाही अशा डब्यात किंवा बादलीत ठेवा. चिलटं फार झाली तर पिवळे चिकट सापळे लावा. अळ्यांसाठी डासांच्या अळ्या मारायला वापरतात ते बीटीआय जिवाणूचं औषध चालतं. मोरचूद मात्र टाकू नका. त्याने शैवाल मरतं, पण तांबं कुंडीतच साठत जातं आणि मुळांना बाधतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने हिरवा रंग जातो खरा, पण ओल आणि उजेड तसाच राहिला तर तो परत येतो.

पांढरी बुरशी बहुतेक वेळा न कुजलेला काडीकचरा खात असते, जिवंत झाडाला ती शिवत नाही. पावसाळ्यात उगवणारी पिवळीधमक छोटी छत्रीही झाडाला निरुपद्रवी, पण खाल्ली तर पोट बिघडवते; घरात लहान मुलं असतील तर दिसताक्षणी उपटून टाका. पिशवीत पांढरी जाड अळी निघाली की आपल्याकडे लगेच हुमणी म्हणतात. उसात हुमणीने केलेलं नुकसान पाहिलेल्या माणसाला तसं वाटणारच. पण खतातली प्रत्येक जाड अळी मुळं खाणारी नसते. तिला फरशीवर सोडून पाहा. पाठीवर उलटी होऊन सरपटत गेली, तर ती फुलभुंग्याची अळी. ती कुजका पालापाचोळा खाते, तिला खताच्या ढिगात सोडावं.

आता डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींकडे वळू. कोकोपीट नारळाच्या ज्या सोडणांपासून बनतं ती अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ राहतं. खत अर्धकच्चं असेल तर त्यातले जिवाणू कुजवण्याच्या कामासाठी रोपाच्या वाट्याचा नायट्रोजन ओढून घेतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरश्या कोवळ्या रोपांना बुडाशी गाठतात. आणि आपला जिल्हा उसाचा असल्याने तणनाशकाचाही विचार करावा लागतो. टू-फोर-डी हे रसायन वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. ऊस गवताच्या कुळातला, तो टिकतो. रुंद पानांची झाडं वेडीवाकडी वाढून मरतात. टोमॅटो, चवळी, मेथी ही सगळी रुंद पानांचीच. जिवंत, ओलसर मातीत हे रसायन काही आठवड्यांत बरंचसं विघटित होतं, पण नुकत्याच फवारलेल्या शेतातला काडीकचरा मिश्रणात आला असेल तर धोका राहतो.

हे सगळं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, मूठभर बिया पुरतात. एका कुंडीत पिशवीतली माती घ्या, दुसरीत जिथे झाडं चांगली वाढतात अशी तुमची नेहमीची माती. दोन्हींत मेथी आणि चवळी पेरा, पाणी आणि ऊन सारखंच द्या, दहा-बारा दिवस थांबा. पिशवीच्या मातीत उगवणच कमी झाली किंवा पानांच्या कडा करपल्या, तर मिठाचा संशय घ्या. रोपं उगवून बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडली, तर तो बुरशीमुळे येणारा मर रोग. चवळीची नवी पानं वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर तणनाशक. सगळं उगवलं पण फिकं पिवळं आणि खुरटं राहिलं, तर खत कच्चं आहे. दुसरी कुंडी मात्र टाळू नका. तुलनेला काही नसेल तर पावसाळी हवेचा दोषही मातीच्या माथी मारला जातो.

शिसं आणि कॅडमियम या चाचणीत सापडत नाहीत. त्यांच्यामुळे रोप आजारी दिसेलच असं नाही, ती भाजीतून आपल्या पोटात जातात. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळ खतासाठी किलोमागे शिशाची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे. म्हणून खत कोणत्या कचऱ्यापासून बनलं आणि माती कुठून उचलली, हे विक्रेत्याला बिनदिक्कत विचारा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठी गाळाचे थर साचले. गाळ सुपीक असतो, पण शहरातून गेलेल्या पुरात गटारं, गॅरेजं आणि गोठे सगळ्यांचं पाणी एक होतं. असा गाळ तपासल्याशिवाय पालेभाजीला वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाला थेट त्रास होतो तो धुळीतून. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या शेवटी न्यूमोनियाच्या काही रुग्णांचा माग काढताना लिजिओनेला लाँगबीची हा जिवाणू कुंड्यांसाठीच्या तयार मातीत सापडला. आज तिथे अशा पिशव्यांवर इशारा छापलेला असतो. हा आजार क्वचित होतो, पण वयस्कर माणसं, धूम्रपान करणारे आणि फुफ्फुसं कमजोर असलेले यांना तो जड जातो. पिशवी मोकळ्या हवेत, चेहऱ्यापासून लांब धरून उघडा, माती आधी ओलसर करा, कोरडी माती चाळायचीच असेल तर मास्क लावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. वास पाहायला पिशवीत नाक घालू नका. माती पसरली की वास आपोआप येतो. नासक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचलेली नाही, दोन दिवस सावलीत पसरून ठेवा. शेण-मातीत धनुर्वाताचे जिवाणूही असतात, तेव्हा शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारा.

मातीचं निर्जंतुकीकरण करायचंच असेल तर एप्रिल-मेचं ऊन वापरा. ओलसर माती पारदर्शक पॉलिथिनमध्ये बांधून गच्चीवर वीतभरापेक्षा कमी जाडीत पसरा. मधल्या मातीचं तापमान ६० अंशांवर तासभर किंवा ७० अंशांवर अर्धा तास राहिलं की बहुतेक रोगकारक बुरश्या आणि सूत्रकृमी मरतात. थर्मामीटर खुपसून खात्री करून घ्या. कढईत माती भाजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. ८० अंशांच्या पुढे मातीतलं मँगनीज मोकळं होऊन रोपांना विषारी ठरू शकतं, आणि आपल्या पश्चिमेकडच्या लाल जांभ्या मातीत मँगनीज असतंच. शिवाय तापवलेली माती रिकामी होते, त्यात जो पहिला शिरेल तो माजतो. म्हणून थंड झाल्यावर थोडं चांगलं गांडूळ खत आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी.

मेथी-चवळीच्या चाचणीत नापास झालेली मातीही वाया जात नाही. खारट निघालेली भोकाच्या बादलीत भरून दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवा. कच्च्या खताची माती ओलसर ठेवून महिना-दोन महिने मुरू द्या. तणनाशकाची शंका असेल तर पसरून ओली ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा चवळी पेरून पाहा. मर झालेली माती जास्वंदीसारख्या जुन्या, जून खोडाच्या झाडाला घाला. तिथे त्या बुरश्यांना कोवळं रोप मिळत नाही.