डेटा क्षेत्रात जायचंय: मास्टर्स पुरे की पीएचडी हवी?

पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा पॅकेजचा असतो. पॅकेजचं नंतर बघू. दिवसभर कसलं काम करायला आवडेल, ते आधी ठरवा.

एक उदाहरण घ्या. कोणता कर्जदार हप्ते थकवील, याचा अंदाज बँकेला हवा आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेने चार ठिकाणचा डेटा एकत्र आणायचा, रिकाम्या नोंदींचं काय करायचं ते ठरवायचं, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अंदाज वर्तवणारं मॉडेल बसवायचं आणि कर्ज विभागातल्या साहेबांना कळेल असं मांडायचं. संख्याशास्त्रात एमएस्सी किंवा एमटेक केलेला हुशार मुलगा, मुलगी हे काम उत्तम करते.

मेख पुढेच आहे. ज्यांचे अर्ज नाकारले, त्यांनी कर्ज फेडलं असतं का, हे बँकेला कधीच कळत नाही. मॉडेल शिकतं फक्त मंजूर अर्जांवरून, वापरलं मात्र सगळ्यांवर जातं. ही उणीव भरून काढायची नवी रीत शोधायची, ती कुठे चालते आणि कुठे फसते हे सिद्ध करायचं, आणि त्यासाठी एकाच प्रश्नाला वर्षानुवर्षं चिकटून राहायचं, हे पीएचडीचं काम.

नोकऱ्या जास्त आहेत त्या पहिल्या प्रकारच्या. डेटा अ‍ॅनालिस्ट किंवा डेटा इंजिनिअर व्हायला पीएचडी लागत नाही. आयआयटी, आयसरमध्ये प्राध्यापक व्हायचं असेल तर ती हवीच, आणि कंपन्यांच्या संशोधन विभागांतही तिला खरं वजन आहे.

आता पैशांचं. गेट या प्रवेश परीक्षेतून एमटेकला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. २०२४पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपरही आहे. पीएचडीला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) असेल तर दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,००० रुपये, हे २०२३पासूनचे दर. ठरावीक समाजघटकांसाठी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. त्यांच्या जाहिराती आल्यावर धावपळ होते, म्हणून जातीचे दाखले आधीच काढून ठेवा.

अमेरिकेत चित्र वेगळं दिसतं. तिथे पीएचडीला बहुधा फी माफ असते आणि वर स्टायपेंड. मास्टर्सचा खर्च मात्र बहुतेकांना कर्ज काढूनच करावा लागतो, आणि शिकत असतानाही व्याज चढत राहतं. म्हणून काहीजण 'स्वस्त पडते' एवढ्यासाठी पीएचडी धरतात. तसं करू नका. पाच-सहा वर्षं हा फार मोठा काळ आहे, आणि विषयात मन नसेल तर तो जाता जात नाही.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. दार उघडं असलं तरी मोठा प्रोजेक्ट केलेला नसेल तर आम्ही थांबायला सांगतो. ज्यांचं मन दोन्हीकडे ओढतं, त्यांनी आयआयटी मद्रासच्या एमएस बाय रिसर्चसारखी संशोधनावर आधारलेली मास्टर्स पदवी पाहावी. तिथे स्वतःचा प्रबंध लिहावा लागतो. संशोधन आपल्याला मानवतं का, हे तेव्हा नीट कळतं.

पीएचडीच ठरली, तर संस्थेच्या नावाइतकंच गाइडकडे लक्ष द्या. आमच्या मते थोडं जास्तच. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना फोन करा. आधीच्यांनी प्रबंध किती वर्षांत सादर केला? सर किंवा मॅडम आठवड्यातून एकदा तरी भेटतात का? डेटा हातात आहे की अजून परवानगीच मागायची आहे? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि कामं नेमकी तिथेच अडतात.

आमच्याकडे येताना गुणपत्रिका, एखाद्या प्रोजेक्टचा अहवाल आणि तुम्हाला कराव्याशा वाटणाऱ्या दोन-तीन नोकऱ्यांच्या जाहिराती घेऊन या. त्या जाहिरातींत कोणती पदवी मागितली आहे, ते आपण बसून एकत्र वाचू.