पोलीस सेवेतील स्थिर पात्याची सुरी

पाते मुठीत कायमचे बसवलेली, न मिटणारी आणि म्यानात राहणारी लहान सुरी. अमेरिकेत अनेक गणवेशधारी पोलीस ती कमरेच्या पट्ट्यावर बाळगतात. सुरी निवडायची म्हटली की बोलणे पात्यावर आणि पोलादावर जाते, पण पोलिसाच्या बाबतीत पहिला प्रश्न जागेचा आहे. पट्ट्यावर ती कुठे बसणार आणि कोणत्या हाताला सापडणार, हे ठरले की तिची लांबी, मूठ आणि म्यान बरेचसे ठरून जाते.

घडीचा चाकू स्वस्त असतो आणि खिशात मावतो, त्यामुळे बहुतेक पोलिसांकडे आधी तोच असतो. तो खिशातून काढावा लागतो, उघडावा लागतो आणि त्याचा खटका नीट बसावा लागतो. शांतपणे खोके फोडताना यात काहीच अडचण नाही. पण झटापटीत बोटांची नाजूक हालचाल बिघडते, एक हात अडकलेला असतो, खिशातल्या धुळीने बिजागरी जड झालेली असते. स्थिर पात्याच्या सुरीला फक्त उपसावे लागते. तिच्यात बिजागरी नाही, म्हणून खटका निसटून बोटांवर पाते मिटण्याची भीतीही नाही.

अमेरिकी पोलिसाच्या पट्ट्यावर पिस्तूल, जादा मॅगझिन, बेड्या, रेडिओ, दंडुका, विजेरी, तिखट फवारा आणि पुष्कळदा विजेचा झटका देणारे टेझर असते. सुरीसाठी चार बोटे जागा उरली तर नशीब. पिस्तूल उजव्या बाजूला असेल आणि ते हिसकावण्याचा प्रयत्न झाला, तर उजवा हात ते होल्स्टरमध्येच, म्हणजे पट्ट्यावरच्या त्याच्या खोळीत, दाबून धरण्यात गुंततो. मोकळा राहतो तो डावा. म्हणून सुरी डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या थोडी पुढे लावतात, जेणेकरून गरज पडल्यास दोन्ही हात तिथवर पोहोचतील. पाठीच्या कण्यावर कोणतीही टणक वस्तू लावू नये; माणूस पाठीवर पडला तर तिचा मार थेट मणक्याला बसतो. पोलिसाचा बराच वेळ गाडीत बसून जातो, हेही विसरून चालत नाही. लांब म्यान बसल्यावर मांडीत किंवा पोटात रुतते आणि रुतणारी वस्तू चार दिवसांत घरी राहते. चार इंचांपर्यंतचे पाते या कामाला पुरते.

या विचारावर बेतलेली सर्वांत प्रसिद्ध सुरी म्हणजे टीडीआय. ओहायोतील टॅक्टिकल डिफेन्स इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षणसंस्था स्थापन करणारे माजी पोलीस अधिकारी जॉन बेनर यांनी तिची रचना केली आणि न्यूयॉर्क राज्यातील ओलिअनच्या का-बार कंपनीने ती बाजारात आणली. तिची मूठ पात्याच्या रेषेत नसून पिस्तुलाच्या मुठीसारखी कोनात वळलेली आहे. त्यामुळे मनगट न वाकवता ती धरता येते आणि नवी पकड शिकावी लागत नाही. पाते सव्वादोन इंचांहून किंचित मोठे. याच कंपनीचे नाव दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांच्या सात इंची सुरीमुळे सर्वतोमुखी झाले होते. सैनिकाची सुरी खंदकात, फांद्या तोडायला आणि डबे उघडायलाही लागते. पोलिसाला मात्र अंगाशी अंग भिडलेले असताना हाती येईल असे काही हवे असते. मराठी वाचकाला हे समजायला लांब जावे लागत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली झालेल्या भेटीत शिवाजी महाराजांजवळ बिचवा होता, असे परंपरेने सांगितले जाते. मिठीच्या अंतरात तलवार फिरवायला जागा नसते.

मूठ ओल्या हातातून आणि हातमोज्यातून निसटू नये. बोटे धारेवर घसरू नयेत म्हणून पात्यालगत आडोसा हवा, आणि पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावे.

म्यानाला मी सुरीइतकेच महत्त्व देईन. चामडे दिसायला देखणे असते, पण घाम आणि पाऊस शोषते आणि कालांतराने सैल पडते. आता बहुधा कायडेक्स नावाचे प्लास्टिक वापरतात. ते तापवून मऊ करतात आणि सुरीवर दाबून तिच्याच आकाराचे बनवतात. सुरी आत गेली की खट् आवाज येतो. म्यान उलटे धरून जोरात हलवले तरी सुरी पडता कामा नये, आणि तरीही एका हाताने उपसता आली पाहिजे. म्यान पट्ट्याला घट्ट बसलेले नसेल तर सुरीबरोबर तेही हातात येते.

पोलादात गंज आणि धार यांची ओढाताण असते. १०९५ या साध्या पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. ते चिवट आहे, धार झटकन घेते, पण घामाने तांबरते. एस३०व्ही हे स्टेनलेस पोलाद धार फार काळ टिकवते, मात्र बोथट झाल्यावर घरच्या दगडावर पाजळायला वेळ खाते. एच१ या पोलादात कार्बन अगदी कमी असतो, म्हणून ते खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. रोज अंगावर राहणाऱ्या आणि क्वचित उपसल्या जाणाऱ्या सुरीसाठी एयूएस-८ सारखे मध्यम स्टेनलेस पोलाद अधिक शहाणपणाचे.

वर्षानुवर्षांच्या नोकरीत सुरी माणसावर उगारण्याची वेळ बहुतेकांवर येतच नाही. सीटबेल्ट, दोरी, प्लास्टिकच्या बेड्या, जखमेवरचे कपडे हेच तिचे नित्याचे काम. अपघातग्रस्ताच्या गळ्याजवळ अणकुचीदार टोक न्यायचे नसते. त्यासाठी आत धार असलेला आकडा वेगळा ठेवलेला बरा. ब्रिटनच्या तुरुंगांत गळफास कापण्यासाठी असेच बोथट टोकाचे आकडे वापरतात. फास कापताना गाठ सोडून दोर दुसरीकडे कापायचा असतो, कारण गाठ हा पुरावा असतो.

अमेरिकी कायद्यात सुरीचा माणसावर वापर हा सामान्यतः प्राणघातक बळाचा वापर मानला जातो आणि त्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालातील वाजवीपणाची कसोटी लागते, म्हणजे त्या प्रसंगी समंजस पोलीस तसाच वागला असता का हे पाहिले जाते. त्यामुळे विकत घेण्याआधी खात्याची लेखी परवानगी घेणे हिताचे असते. कॅलिफोर्नियात कमरेला म्यानात उघड लटकवलेली सुरी लपवलेली मानत नाहीत, पण तीच सदऱ्याखाली गेली की गुन्हा ठरू शकतो. सेवेबाहेर असलेल्या आणि निवृत्त पोलिसांना राज्याबाहेरही शस्त्र बाळगू देणारा २००४ चा संघीय कायदा फक्त बंदुकांपुरता आहे. सुरीला तो लागू नाही.

महाराष्ट्रात पोलीस शिपायाच्या नेहमीच्या साजात सुरी नाही, लाठी आहे. भारतीय शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या परवान्याच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात जी शस्त्रे बाळगण्यास मनाई करता येते, त्यांत तलवारी, भाले आणि लाठ्यांबरोबर सुऱ्याही आहेत.